तंबाखू चालत नाही

सकाळी साडेनऊला फोन आला, साहेब निघाले म्हणून, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत ओली पोती होती. मार्चचा शेवटचा आठवडा. पत्रा सकाळीच तापायला लागायचा, आणि शेडच्या जाळ्यांना ओली पोती टांगली नाहीत तर आतल्या अळ्यांचं दुपारपर्यंत काही खरं नसायचं. फोन खांद्यानं कानाला दाबला आणि ऑफिसातल्या कारकुनाला म्हणलं, "या म्हणावं. आज नाही आले तर पुढच्या जन्मीच भेट." तो हसला. मला काही हसू येत नव्हतं.

शेड रेशमाची. तुतीचा पाला खाऊन कोश विणणाऱ्या अळ्या असतात, त्यांची. सरकारची योजना होती, की पक्की शेड बांधा, लोखंडी मांडण्या करा, जाळ्या लावा, अनुदान देतो. देतो म्हणजे काय, तर आधी स्वतःच्या पैशानं बांधा, मग फोटो काढा, मग फाईल करा, मग आम्ही बघतो. बांधायला पैसा पाहिजे म्हणून आमचे अंगदराव दीड वर्ष पुण्याच्या एका मालकाचा टेम्पो चालवत होते. आठवड्यातून एकदा दुपारचे यायचे, जेवायचे, झोपायचे, पहाटे निघून जायचे. आमची धाकटी तर त्यांना बघून "पाहुणे आले" म्हणायला लागली होती. एकदा त्यांच्यासमोरच म्हणाली, तेव्हा ते हसले, पण घास काही खाली उतरला नाही त्यांचा.

ठरलं असं होतं, की शेवटचा हप्ता हातात पडला की टेम्पोची चावी मालकाला परत द्यायची आणि दोघांनी मिळून घरीच रेशीम करायचं. मला पैशाचं काही नव्हतं हो. मला नवरा घरी पाहिजे होता. नवरा घरी यायचा रस्ता त्या फाईलमधून जात होता, आणि त्या फाईलवर खंदारे साहेब बसलेले होते.

शेवटच्या हप्त्याला अट एकच. शेडमध्ये पीक चालू असताना साहेबांनी स्वतः येऊन बघायचं, फोटो काढायचे, शेरा लिहायचा. ऐकायला किती सोपं! पण अळीचं सगळं आयुष्य पंचवीस-अठ्ठावीस दिवसांचं. तिला काय कळतंय, आज साहेबांची मीटिंग आहे आणि उद्या दौरा आहे? पहिल्या पिकाला साहेब आले ते एकतिसाव्या दिवशी. कोश होऊन गेलेले, पांढरेशुभ्र. तर म्हणे, अळ्या कुठं आहेत. म्हणलं, कोशात आहेत. "मग पीक चालू कुठं आहे ताई? हे तर संपलं." आणि गेले.

दुसऱ्या पिकाला आले, तेव्हा अळ्या झोपलेल्या. अळी चारदा कात टाकते आणि कात टाकायच्या आधी दिवसभर निपचित पडते, ना खाते, ना हलते. एवढं तर पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात सांगतात, आणि सांगतं कोण, तर हेच खंदारे साहेब. दारातूनच डोकावले आणि म्हणाले, "ह्या मेल्यात का?" म्हणलं साहेब, झोपल्यात. तर म्हणे, फोटोत मेलेल्या दिसतील, वरती कोण समजून घेणार? गेले. मधल्या काळात सातबारा जुना झाला म्हणून नवा काढा. शेडवरच्या पाटीत योजनेचं नाव आधी आणि माझं नंतर पाहिजे होतं, म्हणून पाटी पुन्हा रंगवा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, मी म्हणते नकटी परवडली, एकदा लग्न झालं की सुटली तरी. आणि हे तिसरं पीक शेवटचं, कारण एकतीस मार्चला फाईल बंद होणार होती. कारकुनानं तसं दोनदा बजावलं होतं.

घरी त्या दिवशी मी आणि तात्या दोघंच. पोरी शाळेत. तात्या म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे आमच्या घरात म्हातारं म्हणून तेवढंच एक माणूस. बोलणं कमी, काम फार. शेडची एकेक वीट त्यांच्या हातून गेलेली. भिंतींना एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं ते त्यांनीच. गवंडी एक दिवस आला नाही तर स्वतः थापी घेऊन बसायचे.

पण तात्यांना तंबाखू होती. चाळीस वर्षांची. आणि रेशमाच्या अळीला तंबाखू म्हणजे विष. खाणारा माणूस नुसता पाल्याला शिवला, तरी तो पाला खाऊन अळी मान वर करते, हिरवं ओकते आणि मरते. आठ दिवसांचं प्रशिक्षण मी केलेलं, आमच्या गावातली एकटी बाई, त्यामुळे मला त्या नेमांचा भारी ताठा होता. दारात पाय बुडवायला चुन्याची पाटी, चपला बाहेर, हात साबणानं धुवायचे, डोक्याला वासाचं तेल नको, आणि तंबाखूवाला माणूस आत नाही. पहिली अंडी आणली त्याच दिवशी तात्यांना सांगून टाकलं, तुम्ही आत यायचं नाही, आणि पाल्यालाही शिवायचं नाही. ते "बरं" म्हणाले. एवढंच. मोटार चालू करायची, तुतीला पाणी द्यायचं, खुरपायचं, एवढी कामं त्यांनी ठेवून घेतली. स्वतः उभ्या केलेल्या शेडच्या उंबऱ्यावर वर्षभरात एकदाही पाय ठेवला नाही.

संध्याकाळी मात्र शेडच्या मागच्या भिंतीला टेकून बसायचे. अळ्या मोठ्या झाल्या, की त्यांच्या पाला खाण्याचा आवाज येतो, बारीक पाऊस पत्र्यावर पडावा तसा. तो ऐकत बसायचे. मी बाहेर आले की विचारायचे, "केवढ्या झाल्या गं?" मी बोट दाखवायची, एवढ्या. म्हणायची, बघायच्या असतील तर सोडा की तंबाखू. ते हसायचे. आता वाटतं, एक अळी तळहातावर घेऊन बाहेर येऊन दाखवली असती तर काय बिघडणार होतं? पण नाही सुचलं. माझं आपलं नेमावर बोट.

साडेनऊला निघालेले साहेब दीड वाजता उगवले. मोटारसायकलवर, घामानं निथळत, चिडलेले. वाटेत कुणाकडं तरी पंगत होती, तिथं उशीर झाला, हे त्यांनीच सांगितलं आणि वर ऊन किती आहे म्हणून मलाच बोलले, जसं काही ऊन मी पाडलं होतं. मी पाणी दिलं, चहा दिला. अळ्या अगदी ऐन भरात. चौथी कात टाकून तिसरा दिवस, करंगळीएवढ्या जाड, आणि खायला तर अशा बसलेल्या, की फांद्या टाकाव्यात आणि दोन तासांत नुसत्या काड्या राहाव्यात. आज कुणी मेल्यात म्हणू शकत नव्हतं. मनात म्हणलं, कुशावर्ता, आज काम होतंय, फक्त तोंड सांभाळ.

साहेब खाटेवर बसले, पिशवीतून फाईल काढली, आणि फाईल मांडीवर ठेवून खिशातून तंबाखूची पुडी काढली. डाव्या तळहातावर चुना घेऊन अंगठ्यानं मळायला लागले. मळत मळत बोलायला लागले, फोटोला मोबाईलवर लोकेशन लागतं, ते आत मिळत नाही, पत्र्यामुळे, मग आत खूप वेळ उभं राहावं लागतं, आम्हालाच त्रास. मी त्या अंगठ्याकडं बघत होते. त्यांनी चिमूट ओठाखाली धरली, दोन्ही हात झटकले आणि उठले.

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. पण बोलले हळूच. "साहेब, तेवढे हात धुवून चूळ भरता का? तंबाखू चालत नाही आत."

ते थांबले. रागावले नाहीत, उलट हसले. "ताई, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच."

"मग?" त्यांनी फाईल पुन्हा उघडली. "राहू द्या. मी बाहेरूनच बघतो. पण शेरा मग तसा लिहावा लागेल. 'बाहेरून पाहणी केली.' चालेल का?"

चालेल कसं? बाहेरून पाहणीला काडीची किंमत नव्हती, हे त्यांनाही माहीत, मलाही माहीत. एवढ्यात तात्या कुठून तरी तांब्या आणि साबणाची वडी घेऊन आलेच. साहेबांपुढं तांब्या धरला. साहेबांनी बोटांची टोकं पुढं केली, पाणी पडलं, साबणाकडं बघितलंही नाही, आणि रुमालाला हात पुसले. तोंडातली चिमूट तोंडातच. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं आणि दाराची कडी काढली.

साहेब आत गेले. त्यांच्यामागं तात्यांनी पण चपला काढल्या. मला वाटतं, त्यांना भिंती दाखवायच्या होत्या. जाळ्या कशा बसवल्या, पत्रा किती उंच घेतला, हे सांगणारं घरात दुसरं कोण होतं? पण त्यांनी उंबऱ्याकडं पाय उचलला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"तात्या, तुम्ही नका येऊ आत."

साहेब वळले. "का हो?"

"तंबाखू खातात ते."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. ओठाखालच्या चिमटीमुळं शब्द जरा जाड येत होते. "शिस्त अशीच पाहिजे."

तात्यांनी पाय खाली घेतला. चपला घातल्या आणि तांब्या घेऊन विहिरीकडं गेले.

आत साहेब पाऊण तास होते. लोकेशन मिळेना. या कोपऱ्यात उभे राहा, त्या कोपऱ्यात उभे राहा, मोबाईल वर करा, खाली करा. मग त्यांना वाटलं, फोटो असा काढावा की अळ्या दिसल्या पाहिजेत, म्हणून खालच्या दोन मांडण्यांवरच्या फांद्या त्यांनी स्वतःच उचलून उचलून नीट लावल्या. मग मला म्हणाले, मी तळहातावर अळी घेतो, तुम्ही माझा पण एक फोटो काढा. काढला बाई. लोकेशन मिळालं, शेरा लिहिला, "पीक समाधानकारक", सही केली आणि गेले. मोटारसायकल दिसेनाशी झाली तेव्हा मी तिथंच ओट्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं मला. वाटलं, झालं. आता येतील घरी अंगदराव.

तात्या तुतीतून आले. "त्यानं हात नीट नाही धुतले," म्हणाले.

"बघितलं मी."

"मग जाऊ कसं दिलं?"

"साहेब आहेत ते, तात्या."

"हं," म्हणाले. "बरोबर आहे." आणि मोटार चालू करायला गेले.

फांद्या काढून टाकायला पाहिजे होत्या मी, त्याच घटकेला. तेवढी अक्कल होती मला. पण पाला मोजका उरलेला, पोरी शाळेतून यायच्या झालेल्या, आणि खोटं कशाला बोलू, मी आनंदात होते. वाटलं, बोटं तरी ओली केली होती त्यांनी, नाही होणार काही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाला टाकायला गेले तर खालच्या दोन मांडण्या गप्प. बाकीकडं पावसाचा आवाज, आणि तिथं काही नाही. वाकून बघितलं. अळ्यांनी माना वर केलेल्या, तोंडातून हिरवं पाणी, अंग आखडलेलं. एक नाही, दोन नाही, सगळ्या. मी सूप घेतलं आणि वेचायला लागले. वेचता वेचता साहेबांना काय काय शिव्या दिल्या, ते इथं लिहीत नाही. बाराला अंगदराव आले, त्यांचा यायचा दिवसच होता. पिशवी खाली ठेवून सरळ शेडकडं आले, मी सूप भरून बाहेर येत होते. त्यांनी एक अळी उचलून बघितली. प्रशिक्षणाचं पुस्तक माझ्याहून जास्त त्यांनीच वाचलेलं.

"ही तंबाखू आहे," म्हणाले.

मी तोंड उघडलं. आणि मला दिसलं पुढचं सगळं. हा माणूस रागाचा कसा, ते मला माहीत होतं. पेट्रोल पंपावर मापाला कमी दिलं म्हणून भर रस्त्यात भांडलेला माणूस. मी नाव घेतलं असतं, की हे तसेच मोटारसायकल काढून ऑफिसात गेले असते, साहेबांची कॉलर धरली असती, आणि एकतीस मार्चला तीन दिवस राहिलेले. मी तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मागं तात्या कडब्याची पेंढी सोडत बसले होते, त्यांच्याकडं वळले. "तात्या, तुम्ही आत गेला होता?"

तात्यांनी वर बघितलं. आधी त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. मी सूप घट्ट धरून उभी. किती वेळ असेल? अळीला मान हलवायला लागतो तेवढा. मी एक शब्द बोलले असते तर बास होतं.

"हो," तात्या म्हणाले. "गेलो होतो. बघावंसं वाटलं."

अंगदराव बापाला कधी वर तोंड करून बोललेले नव्हते. त्या दिवशी बोलले. दीड वर्ष मी रात्रंदिवस स्टिअरिंग धरतोय ते ह्याच्यासाठी का, एवढं एक सांगितलेलं तुम्हाला पाळता येत नाही का, चिमूटभर तंबाखू लेकरांपेक्षा जास्त झाली का. असं बरंच. तात्या मान खाली घालून पेंढी सोडत राहिले. मी सूप उकिरड्यावर रिकामं करायला गेले आणि तिथंच बराच वेळ उभी राहिले, परत यायची लाज वाटत होती.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं भाकरी घेऊन गेले. विचारलं, असं कशाला म्हणालात तुम्ही.

"तू काही बोलेनास," ते म्हणाले. "मग कुणी तरी बोलायला पाहिजे ना. आणि तो परत टेम्पोवर गेला तर मला तरी काय बरं वाटणार आहे?"

म्हणलं, पैसे आले की मी सांगते त्यांना खरं. शपथ. ते म्हणाले, "सांग. घाई नाही."

पैसे आषाढात आले. अंगदराव त्याच आठवड्यात चावी देऊन घरी आले, आणि धाकटी त्यांना महिन्याभरात बाबा म्हणायला लागली. आता सांगते, म्हणलं. मग वाटलं, आत्ताच आलेत, कशाला मन खराब करायचं. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का लपवलं, हे विचारतील. मग दिवाळी. मग पुढचं पीक. अंगदराव बापाशी बोलायचे, नाही असं नाही. मोटार चालू केली का, जेवला का, एवढं. शेडमध्ये जाताना दाराला आतून कडी घालायला लागले ते मात्र त्या दिवसापासून. कडी वाजली की मागच्या भिंतीला टेकलेले तात्या उठून घराकडं जायचे. मी रोज ऐकायची ती कडी. चार वर्षं ऐकली. तात्या गेले तेव्हाही मी अजून सांगणारच होते.

आता आमच्याकडं लांबून लोक शेड बघायला येतात. नव्या शेतकऱ्यांचं प्रशिक्षण असलं की ऑफिसातून मला बोलावतात, आदर्श लाभार्थी म्हणून. अंगदरावही सोबत असतात, आणि तंबाखूचा विषय निघाला की ते तात्यांची गोष्ट सांगतात. एवढं सांगूनही आत गेले, दोन मांडण्या मेल्या. आता राग राहिलेला नाही त्यांना, हसत सांगतात. लोकांच्या नीट लक्षात राहते, असं साहेबच म्हणतात, नवीन आलेले.

गेल्या महिन्यात मात्र अंगदरावांना ताप होता, मी एकटीच गेले होते. समोर चाळीसेक बाया. मी नेम सांगितले, हात धुवायचे, चपला बाहेर. तंबाखूवर आले आणि तोंडातून तीच गोष्ट सुरू झाली. मधल्या रांगेतली एक तरुण पोरगी, नवीन लग्न झालेली असावी, तिनं हात वर केला. म्हणाली, "ताई, पण सासऱ्यांना माहीत नव्हतं का, अळ्या मरतील म्हणून?"

अंगदराव तिथं नव्हते. साहेब चहाला गेले होते. ओळखीचं कुणी नव्हतं.

"माहीत होतं की," मी म्हणलं. "पण म्हातारं माणूस. ऐकतंय का?"

सगळ्या हसल्या.